पिवळ्या तापाची सुई आणि रामाकोन्याचा रस्सा

युगांडाला जायला निघालेली मी उतरले ती पांढुर्णा स्टेशनात. कोल्हापूरच्या बाईने आफ्रिकेला जायचं तर मुंबई गाठावी, मध्य प्रदेशात तिचं काय काम, असं शेजारणींनी विचारून झालं होतं. काम होतं सुईचं.

माझी मुलगी मुक्ता आणि जावई नितीन कंपालाला असतात. मुक्ताला बाळ व्हायचंय आणि तिने फर्मान काढलं की दोन्ही आज्यांनी एकत्र यायचं. एक आजी मी. दुसरी तिच्या सासूबाई, सौंसरच्या पुष्पाताई. आता युगांडात पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रातच टोचतात. सौंसरला जवळचं केंद्र नागपूरचं. आमची वयं पाहता त्याआधी प्रवासाच्या औषधपाण्यातल्या जाणकार डॉक्टरचा सल्ला हवा, म्हणून मुक्ताने पुण्याच्या एक मराठी बोलणाऱ्या डॉक्टर शोधल्या आणि व्हिडिओवर दोघींची एकच वेळ घेतली.

"आई, तू सौंसरलाच जा," ती म्हणाली. "त्यांना परक्या माणसाशी फोनवर बोलायची सवय नाही. तिथे सगळं नितीनचे बाबाच बोलतात."

नागपूरला मुक्काम करून मी सकाळची गाडी धरली. काटोल, नरखेड मागे पडलं आणि खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. थंडीचे दिवस, आंबिया बहाराच्या (हिवाळ्यात पिकणाऱ्या) संत्र्यांची तोड जोरात. काळपट हिरव्या झाडांवर इतकी फळं की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. पांढुर्ण्याच्या फलाटावर पाट्या हिंदी, आणि माणसं भांडत होती मराठीत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

व्याही मधुकरराव घ्यायला आले होते. पांढरा सदरा, कपाळाला शेंदराचा टिळा, आवाज मंडईत कमावलेला. "या, ईहीनबाई (विहीणबाई)! तरास नाही ना झाला? चला, पह्यले नाश्ता."

त्यांना संत्रामंडईत कोणा व्यापाऱ्याला गाठायचं होतं, म्हणून तर मला सौंसरच्या बसऐवजी पांढुर्ण्याच्या गाडीत बसवलं होतं. मंडईच्या दारातच तर्री-पोहे झाले. पोह्यांवर लाल तर्रीचा कट ओतताना टपरीवाला माझ्याकडे बघून थबकला. "मॅडमले तिखट कमी देऊ का?" मी म्हटलं, "मी कोल्हापूरची आहे." बिचाऱ्याने आणखी एक पळी ओतली आणि पुढचा घास मी डोळ्यांतलं पाणी पुसत, हसत हसत गिळला. आपलाच तोरा, आपणच निस्तरायचा.

सौंसरच्या वाटेवर एका अंगाला संत्री आणि दुसऱ्या अंगाला फुटलेला कापूस. जामसांवलीचा फाटा आला तेव्हा मधुकररावांनी गाडीतूनच हात जोडले. तिथे पिंपळाखाली मारुती आडवा पहुडलेला आहे. त्याच्यावर या घराची भारी भक्ती. मधुकररावांच्या वडिलांनी त्याच्यासमोर शब्द दिला होता की घरात मांस-अंडं शिजणार नाही, तो आजतागायत पाळलेला. मधुकरराव त्यांच्या मोहल्ल्यातल्या भजन मंडळाचे अध्यक्षही आहेत. "आमच्या घरात अंड्याचं टरफल सापडणार नाही तुमाले," ते अभिमानाने म्हणाले. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात पांढऱ्या रश्श्याला काही दिवसांचा रामराम केला.

पुष्पाताई दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभ्या होत्या. ओवाळून टाकला आणि मग आत घेतलं. बाई साठी ओलांडलेल्या, चणीने बारीक, बोलायला त्याहून बारीक. विहिणीचा पाहुणचार मात्र दणदणीत. पुडाची वडी, म्हणजे सांबाराचं (कोथिंबिरीचं) सारण भरून तळलेली खमंग गुंडाळी, त्यावर कढी, त्यावर पुरणपोळी. मी नको म्हणाले की त्या काही न बोलता आणखी एक वाढायच्या. जेवण झाल्यावर त्यांनी पेटीतून एक छोटी गोधडी काढली. स्वतःच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून बाळासाठी शिवलेली. टाके इतके नेटके की मी उलट बाजूने पाहिलं तरी सुलट वाटावी.

"नितीन झाला तवा माझी सासू होती जवळ," त्या म्हणाल्या. "मुक्ताजवळ मी असली पायजे. बस, दुसरं काही नाही." मी आल्यापासून त्या एवढं सलग पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव बागेत अडकले, तेव्हा पुष्पाताई मला जवळच्या रामाकोना गावाला घेऊन गेल्या. "मैत्रीण आहे माझी, शकुंतला. शायेतली (शाळेतली)." बसमध्ये बसल्यावर त्यांचा चेहराच बदलला. खिडकीशी बसल्या, पदर सैल केला, आणि कोणत्या वळणावर कोणाचा बैल उधळला होता ते मला सांगू लागल्या. शकुंतलाबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, हसऱ्या आणि आडव्या बांध्याच्या. बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि नातवंडांची बक्षिसं. आत चुलीवर काहीतरी रटरटत होतं आणि तो वास कोल्हापूरच्या नाकाला चुकणं शक्य नव्हतं.

"अंड्याचा रस्सा आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुमाले चालते ना?"

चालते? मी पाट ओढून बसलेसुद्धा. आणि पाहते तर पुष्पाताईंनीही ताट पुढे सरकवलेलं. अंडं मधोमध फोडलं, रश्श्यात बुडवलं, भाकरी मोडली आणि डोळे मिटून पहिला घास घेतला. माझा हात तोंडाशीच राहिला.

"अशा काय पाहून राहिल्या?" शकुंतलाबाई हसल्या. "शायेत असल्यापासून खाते ही. माझी माय डब्यात दोन अंडी द्यायची, एक माझं, एक हिचं. लग्न झाल्यावर डबा गेला, आता घरी येऊन खाते."

"घरात कधी नाही आणलं," पुष्पाताई घाईने म्हणाल्या. "मामंजींचा शब्द मी मोडला नाही. हे शकुंतलेचं घर आहे. इथलं इथंच ठेवजा हं, मंदाताई."

मी ठेवीन म्हटलं. विहिणीचं असं गुपित हाती लागणं म्हणजे चैनच. येताना बसमध्ये आम्ही दोघी उगाचच हसत होतो.

डॉक्टरांची वेळ तिसऱ्या दिवशी दुपारची. घरी ओसरीवर निवांत बसून बोलायचं असं ठरलं होतं, पण पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याने माल उचलायला नेमका तोच दिवस धरला आणि अख्खं घर बागेत हललं. मधुकररावांना त्यात काही अडचण दिसेना. "फोन तर कुठूनही लागते ना? मंग बागेतून लावू." भरलेली कॅरेट (फळांचे प्लॅस्टिकचे खोके) एकावर एक रचून त्यावर पाण्याच्या कॅनला टेकवून माझा फोन उभा केला. समोर एका सतरंजीवर आम्ही दोघी. आणि आमच्या मागे मधुकरराव, व्यापारी, त्याचा मुनीम, शेजारी आणि मंडळात टाळ धरणारे वसंतराव, आणि संत्री निवडणं सोडून आलेल्या बायका. इकडे कोणाला डॉक्टरकडे एकटं पाठवणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबरोबर चार माणसं जातात, आणि त्यातलं मोठं माणूस बोलतं. डॉक्टर फोनमध्ये असली म्हणून काय रीत बदलते?

पडद्यावर चष्मा लावलेली एक तरुण डॉक्टर उमटली आणि दचकली. "नमस्कार. यातले पेशंट कोण?"

"ह्या दोघी," मधुकररावांनी सांगितलं. "विचारा काय विचारायचं ते."

आधी माझा नंबर. मला काही आजार आहे का विचारल्यावर माझ्याआधी तेच बोलले. "यायले काही नाही. तब्येत मजबूत आहे, दिसूनच राहिली ना." बायका पदराआड हसल्या. डॉक्टरांनी शांतपणे माझा मधुमेह, गोळ्या, जुनी ऑपरेशनं विचारून घेतली. मलेरियाची गोळी रोज घ्यायची, निघण्याआधी सुरू करायची आणि परत आल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस चालू ठेवायची, पोट भरलेलं असताना. "संत्र्याच्या रसासंगं चालन का?" मागून प्रश्न आला. "पाण्याबरोबर घ्या," डॉक्टर म्हणाल्या. व्यापारी जरा नाराज झाला.

मग पुष्पाताई. बीपी? "गोळी आहे, पण कंट्रोल आहे," मधुकरराव. दम लागतो? "नाही जी," मधुकरराव. पुष्पाताई हातातल्या संत्र्याची साल एकसंध निघावी म्हणून जपून सोलत होत्या.

"अंड्याचा काही त्रास आहे का?"

प्रश्न साधा होता. पण मागे भजन मंडळाचे वसंतराव उभे, व्यापारी उभा, अर्धं गाव उभं. मधुकररावांची छाती फुगलीच. "अंडं? बिलकुल चालत नाही! लय त्रास होते. वास आला तरी हिचं डोकं धरते."

डॉक्टरांनी मान वर केली. "कधी चुकून खाल्लं गेलं तर?"

"गेलं ना. पोराच्या लग्नात कोल्हापूरले केक कापला. त्याच्यात अंडं आहे हे कोणाले माहीत? हिले रातभर उलट्या."

आता तो केक मी आणला होता, आणि उलट्या कोणाला झाल्या तेही मला चांगलं ठाऊक होतं. रात्रभर मीच लिंबूपाणी नेऊन देत होते, मधुकररावांना. बायकोने तोच केक दोनदा मागून खाल्ला होता आणि गाढ झोपली होती. पण मी मुलीची आई. व्याह्याला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे मुलीच्या सासरी मीच जाळ लावल्यासारखं.

डॉक्टरांचा आवाज बदलला. "मग मी आत्ता होकार देऊ शकत नाही. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. ज्यांना अंड्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना ती धोक्याची ठरू शकते. शिवाय साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना दुप्पट सावध राहावं लागतं. आधी तज्ज्ञांकडून तपासणी करा, मग पाहू."

नागपूरच्या केंद्रातली आमची वेळ परवाची होती. ती गेली की पुढची केव्हा मिळेल सांगता येत नव्हतं, टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, आणि तिकिटं काढलेली. बाळ काही आमच्या सोयीने थांबणार नव्हतं. मधुकररावांच्या चेहऱ्यावरचं तेज झरकन उतरलं. आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं होतं, पण मागे फिरायचं तर वसंतराव कानाशी उभे. पुष्पाताईंच्या हातातली साल मधेच तुटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मला त्यांचा इतका कळवळा आला की रीतभात सगळी मी खुंटीला टांगली.

"डॉक्टर," मी मोठ्याने म्हटलं, "माझं एक राहिलंय विचारायचं. बायकांचं आहे. जरा एकांतात."

या शब्दांत काय जादू आहे कोण जाणे. व्यापारी, मुनीम, वसंतराव असे पांगले की जणू बागेत वाघ शिरला. मधुकरराव पार विहिरीपर्यंत गेले. निवडणाऱ्या बायका तेवढ्या रेंगाळल्या, त्यांना पुष्पाताईंनीच हाताने लांब जायला सांगितलं. मग फोनजवळ सरकून, पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी अंडं खाते."

"केव्हापासून?"

"लहानपणापासून."

"शेवटचं कधी खाल्लंत?"

"काल."

मला हसू आवरेना. डॉक्टरांनाही आवरत नव्हतं, पण त्या नेटाने विचारत राहिल्या. अंगावर पुरळ येते? ओठ सुजतात? श्वास अडकतो?

"नाही जी. झोप चांगली लागते."

मग केकचं मी सांगितलं. डॉक्टरांनी पुष्पाताईंचं बीपी, बाकीची औषधं, जुनी दुखणी पुन्हा पहिल्यापासून विचारली. या खेपेला उत्तरं त्यांची त्यांनी दिली, आणि नवऱ्याने दिलेल्यांपैकी निम्मी वेगळी निघाली. या वयातला धोका आणि गरज दोन्ही समजावून सांगून त्यांनी लसीसाठी चिठ्ठी लिहून देते म्हटलं. "पण केंद्रात हेच पुन्हा विचारतील. तिथे दोन माणसांनी दोन उत्तरं दिली तर ते टोचणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं."

फोन बंद झाला. पुष्पाताई विहिरीकडे बघत होत्या. "नागपूरले हे येतीनच. आणि हेच बोलतीन."

"मी सांगू का त्यांना?"

"तुमी नका. तुमी मुलीकडच्या." मग पदर खोचून, "मीच सांगते. मारुतीसमोर सांगते. तिथं ते आवाज चढवत नाही."

नागपूरला निघालो त्या सकाळी गाडी आधी जामसांवलीला वळली. गाडी वसंतरावांची, चालवायलाही तेच. दर्शन घेऊन मी नारळवाल्या दुकानांपाशी रेंगाळले आणि लांबून पाहत राहिले. पिंपळाच्या सावलीत पुष्पाताई काहीतरी सांगत होत्या, खाली मान घालून नव्हे, सरळ बघून. मधुकररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग ते एकटेच मंदिरात परत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले ते सरळ गाडीत पुढच्या सीटवर बसले.

सौंसर ते नागपूर हा माणूस एक शब्द बोलला नाही. वसंतरावांनी भजनाची गाणी लावली, तरी टाळी नाही. सावनेरला चहाला थांबलो, तर चहा नाही. वसंतराव मला हळूच विचारतात, "अध्यक्षांची तब्येत बरी नाही काय?" पुष्पाताई मागे माझ्याशेजारी, मांडीवरच्या पिशवीत ती गोधडी. सुई टोचायला जाताना गोधडी कशाला आणली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, असू द्या.

केंद्रात बाकांवर तऱ्हेतऱ्हेचे प्रवासी. जहाजावर नोकरीला निघालेले, नायजेरियाला पंप बसवायला चाललेले, एक नवं जोडपं केनियाला सिंह बघायला. आमची नावं पुकारली तशी आम्ही दोघी आत, मागे मधुकरराव, आणि रीतीप्रमाणे त्यांच्यामागे वसंतरावही. सिस्टरने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, पासपोर्ट पाहिले आणि पुष्पाताईंकडे बघून खणखणीत आवाजात विचारलं, "अंड्याचा त्रास आहे का?"

सवयीने मधुकररावांचं तोंड उघडलं. त्यांनी श्वास घेतला, वसंतरावांकडे एकदा पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग बायकोला म्हणाले, "तूच सांग."

"नाही," पुष्पाताई म्हणाल्या. "मी अंडं खाते. मले काही होत नाही."

वसंतरावांच्या भुवया पार टोपीत गेल्या. सिस्टरने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, केक खाल्ल्यावर उलट्या झाल्याचं घरच्यांनी आधी सांगितलं होतं."

"त्या मले झाल्या होत्या," मधुकरराव म्हणाले. मंडईतला आवाज, सगळ्या खोलीला ऐकू गेला. "केक मी खाल्ला, उलट्या मले झाल्या. हिच्यावर मी उगाच ढकललं."

तिथल्या डॉक्टरांनी पुष्पाताईंना पुन्हा तपासलं आणि होकार दिला. सुई टोचताना पुष्पाताईंनी हूं की चूं केलं नाही. मी मात्र कोल्हापूरची असून चांगली किंचाळले. नंतर काही त्रास होतो का ते पाहायला अर्धा तास बसवून ठेवलं, तेव्हा मधुकरराव बायकोच्या दंडाकडे असे टक लावून बसले होते की केनियाच्या जोडप्याला हसू फुटलं. मग ते उठले, बाहेर गेले आणि चहा घेऊन आले. एक पुष्पाताईंना, एक मला, एक वसंतरावांना. स्वतःसाठीही एक.

पिवळी दाखल्याची पुस्तिका हातात घेऊन मी नागपूरहूनच घरची गाडी धरली. सोबत एवढी संत्री दिली होती की डबाभर वाटूनही उरली. या प्रवासात मी सिंह पाहिला नाही की धबधबा पाहिला नाही. पण एका बाईला स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतःच्या तोंडाने उत्तर देताना पाहिलं, आणि तिच्या नवऱ्याला गप्प बसताना. दोन्हीतलं जास्त अवघड कोणतं, हे मी दंड चोळत कोल्हापूर येईपर्यंत ठरवत होते.

घरी आल्यावर दोन दिवसांनी फोन वाजला. सौंसरचा नंबर, पण मधुकररावांचा नव्हता. पुष्पाताईंनी नवा फोन घेतला होता आणि स्वतः लावला होता. दंड बरा आहे, मलेरियाच्या गोळ्या आल्या, गोधडी सामानात सगळ्यात वर ठेवली, असं सगळं त्या एका दमात बोलल्या. मग म्हणाल्या, "मुक्ता सांगून राहिली होती, तिकडं रस्त्यावर चपातीत अंड्याचं आमलेट गुंडाळून देतात म्हणे. लय चांगलं लागते. ह्यांनी ऐकलं."

"मग? काय म्हणाले?"

उत्तर फोनच्या मागून आलं, मंडईतल्याच आवाजात, पण बरंच खाली उतरवलेलं. "खाऊन ये म्हणा. घरात नाही, बाहेर आहे ते. फक्त फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकू नको, माह्या एकट्याले पाठव."